पाय उचलायच्या अटीवर

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या ऑफिसात दोन गोष्टी बरोबरच येतात, थंडी आणि दहावीच्या परीक्षेचे फॉर्म. थंडी सकाळी दहापर्यंत टिकते, फॉर्म महिनाभर. मी तिथे लिपिक आहे. मुलांची नावं, त्यांच्या आयांची नावं, जन्मतारखा, सगळं जनरल रजिस्टरशी ताडून कॉम्प्युटरवर भरायचं, आणि मध्येच सर्व्हर बसला की आपणही हात बांधून बसायचं. यंदाही तेच चाललंय. काल सोमवारी साडेदहाला पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं, मी चरफडत खुर्ची मागे सरकवली, आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर एक खार तोंडात कापसाचा बोळा धरून चढताना दिसली. बोळा तिच्या डोक्यापेक्षा मोठा होता, त्यामुळे तिला पुढचं काही दिसत नसावं. मध्येच तो एका काडीला अडकला. तिनं तो सोडवला, पुन्हा तोंडात नीट बसवला आणि वर निघाली. ती पानांआड जाईपर्यंत मी पाहत राहिले. सर्व्हर केव्हा सुरू झाला ते मला शेजारच्या टेबलावरून सांगावं लागलं.

पूर्वी मी असलं काही पाहणाऱ्यांतली नव्हते. मी मुळात घाईची बाई. भाजी चिरताना कुकरची शिट्टी मोजणारी, स्कूटीवर बसल्या बसल्या मनात ऑफिसचं पहिलं पाकीट उघडणारी. रस्त्यात माझ्यापुढे कुणी सावकाश चाललं की माझ्या कपाळावर आठी चढते. 'आयुष्यातले छोटे छोटे क्षण जगा' असले संदेश सकाळी सकाळी पाठवणाऱ्या दोन मैत्रिणींना मी गप्प करून ठेवलेलं आहे, आजही. मला हे वळण लागलं ते कुठल्या संदेशानं नाही. ते लागलं दोन हिवाळ्यांपूर्वी, आमच्या आबांच्या पायापायी.

आबा म्हणजे माझे सासरे. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव, तिथे केळी आणि थोडी कपाशी. त्या वर्षी दिवाळी झाली आणि आठच दिवसांनी केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून आबा पडले. उजव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. जळगावात ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि आम्ही त्यांना खुर्चीत बसवून तिथल्याच आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आणलं. डॉक्टरांनी निघताना मला आणि संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. हाड जुळेल, त्याची काळजी नको. पण हा पाय रोज उचलला नाही तर दोन महिन्यांत मांडीतला जोर जाईल, आणि मग बाबा पुन्हा उभे राहणार नाहीत.

व्यायाम साधाच होता. पाठीवर झोपायचं, पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा, पाच आकडे धरायचा, खाली ठेवायचा. शिकवायला येणारी ताई गोड बोलायची, मी जरा कमी गोड बोलायचे, संजय तर विनवण्याच करायचा. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आयुष्यभर पहाटे वावरात जाणारा माणूस, त्याला दिवसभर छताचा पंखा बघत पडून राहावं लागत होतं, तोही थंडीतला बंद पंखा. "हाऊ पाय आते मना नही शे," हा पाय आता माझा नाही, असं एकदाच म्हणाले आणि विषय संपवला. मला भीती वाटली. इतकी की मी त्यांच्यावर रागावले, कारण मला भीती वाटली की मी रागावते.

आमच्या गावी एक रीत आहे. संध्याकाळी वावरातून परतलेल्या माणसाला 'दमलास का' असं कुणी विचारत नाही. ओट्यावर बसलेलं घरातलं मोठं माणूस विचारतं, "काय देखं?" मग त्यानं सांगायचं. कुणाची कपाशी फुटली, कुठल्या बांधावर रानडुकराची माती उकरलेली दिसली, कुठल्या विहिरीवर मोर उतरला होता. सांगून झालं की पाण्याचा तांब्या हातात. माझं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. आमच्याकडे घरात आलेल्याला 'जेवलीस का' विचारायची पद्धत. त्यामुळे लग्न झाल्यावर नव्यानव्यात मला हा प्रश्न उलटतपासणीसारखा वाटायचा.

आबा आमच्याकडे आल्याला आठवडा झाला असेल. मी कामावरून आले, पर्स टाकली, त्यांच्या उशाशी पाणी ठेवलं. त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "आज काय देखं?"

"काही नाही आबा. ऑफिसात काय असतं बघायला?"

"दिनभर डोया मिटीसन काम करस का तू?"

"फॉर्म चालू आहेत आबा. मान वर करायला वेळ नाही."

"मंग मी तरी कसाले पाय उचलू?" आबा म्हणाले. "तुले मान उचलता येत नही, मले पाय."

मी चिडून स्वयंपाकघरात गेले. भाकरी थापता थापता माझ्या लक्षात आलं की आठ दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच कशाच्या तरी बदल्यात पाय उचलायची गोष्ट काढली होती. मी पिठाच्या हातांनी परत गेले. "उद्या काहीतरी बघून आले तर उचलाल?"

त्यांनी भिंतीचा पोपडा नखानं उचकटला. मग म्हणाले, "देखीसन तर ये."

दुसऱ्या दिवशी मी अक्षरशः डोळे फाडून शाळेला गेले. आणि सांगते, काही दिसेना. रोजचाच रस्ता, रोजची दुकानं, उसाच्या रसवाल्याचा झाकून ठेवलेला चरक. शोधायला लागलं की काही सापडत नाही, हे चष्म्यापासून सगळ्याला लागू आहे. शेवटी संध्याकाळी परतताना पुलावर गर्दीत थांबले होते, खालून एक मालगाडी चालली होती, सगळे डबे रिकामे. आणि मधल्याच एका डब्याच्या काठावर एक बगळा बसला होता. मान आखडून, ऐटीत, एकटा. गाडी चाललीये, वारा लागतोय, पण तो काही उडेना.

घरी येऊन मी हे सांगितलं. आबांनी पहिल्यांदा मान भिंतीकडून माझ्याकडे वळवली.

"कोन्या दिशाले चालनी व्हती गाडी?"

"भुसावळकडे."

"मंग बराबर शे. तठे त्यानी सासरवाडी व्हई."

आणि त्यांनी पाय उचलला. वीतभर कुठला, चार बोटं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. पाच मोजेपर्यंत मीच श्वास धरून उभी होते. दहा वेळा उचलला. त्या संध्याकाळी मी संजयला फोन करून सांगितलं तेव्हा मला रडू फुटलं होतं, आणि तो घाबरून विचारत होता की आबांना काय झालं.

तिथून आमचा सौदा सुरू झाला. आबांच्या अटी कडक होत्या. स्वतःच्या डोळ्यांनी, त्याच दिवशी पाहिलेलं पाहिजे. मोबाईलमधलं चालणार नाही. साध्या गोष्टीला दहा वेळा पाय, बऱ्या गोष्टीला पंधरा, आणि फारच आवडली तर वीस. ते 'सुंदर' हा शब्द कधी वापरत नसत. 'बेस शे' म्हणाले की पंधरा समजायचे. "हाई कोनले बी दिसस, आखो?" म्हणजे हे कुणालाही दिसतं, आणखी काय, असं म्हणाले की मला डोकं खाजवावं लागे.

गंमत अशी की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला दिसायला लागलं. आमच्या शाळेचे शिपाई नाना घंटा देतात आणि लगेच तिच्यावर उपडा पंजा ठेवतात. ती थरथर हाताखाली विझली की मगच पाठ वळवतात. नऊ वर्षं मी त्या घंटेवर घड्याळ लावत होते, हा पंजा मला माहीत नव्हता. मी नानांना विचारलं, असं का करता? म्हणाले, "नाही केलं तर ती बराच वेळ बडबडत राहते मॅडम, पोरांना प्रार्थना ऐकू येत नाही." आबांना हे इतकं पटलं की वीस वेळा पाय उचलला, आणि वर नानांची चौकशी केली, त्यांना शेती किती, कुठली.

कापसाचे टेम्पो जिनिंगकडे जाताना वरपर्यंत भरलेले असतात, त्यातला कापूस रस्त्याकडेच्या काटेरी बाभळींना लागून राहतो. एका सकाळी ऊन तिरपं होतं आणि ती सगळी रांग फुलल्यासारखी दिसत होती. एका दुपारी दहावीची एक मुलगी फॉर्मची छापील प्रत तपासायला आली. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तिनं बोटानं वाचलं. मग आईच्या नावावर बोट ठेवून थांबली. "आईनं स्वतःचं नाव असं छापलेलं कधी पाहिलं नाही मॅडम. मी हा कागद एक दिवस घरी नेऊ का?" नियमात बसत नव्हतं. मी झेरॉक्स काढून दिली. ती झेरॉक्स दोन्ही हातांत आडवी धरून, घडी न घालता, ती मैदान ओलांडून गेली. मी हे आबांना सांगितलं. त्यांच्या आईचं नाव काय होतं ते मी पहिल्यांदा त्या संध्याकाळी विचारलं. सुंदरबाई.

संजयलाही मग या खेळात ओढलं. तो पाचोऱ्याला नोकरीला, रोज रेल्वेनं ये-जा. त्याचे डोळे माझ्यापेक्षा आळशी. पहिले तीन दिवस त्यानं 'शेतं दिसली', 'माणसं दिसली' असलंच आणलं आणि आबांनी त्याला नापास केलं. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, "आबा, गाडी वेळेवर आली." आबा इतके हसले की पाय नुसता हसण्यानंच वर गेला. ते आम्ही वीस धरले.

आणि भरीत. जळगावात हिवाळ्यात संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून जा, कुणाच्या तरी अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत असतात. त्या धुराला एक गोडसर कडवटपणा असतो. मी रोज त्यातून स्कूटी हाकत होते आणि मनात इतकंच, की कपड्यांना वास लागेल. त्या हिवाळ्यात एकदा मी गाडी थांबवली. एक म्हातारी वांगी उलटत होती, हातानंच. प्रत्येक वांग्याला उलटण्याआधी ती बोटानं हलकंच दाबून बघायची, शेजारच्या बाळाच्या गालाला बोट लावावं तसं. मला बघून म्हणाली, "बैठ ना बाई, व्हईच गयं." मी बसले नाही, घाई होती. त्या न बसण्याची चुटपुट मला अजून आहे.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग तो गुरुवार आला. फॉर्म भरायचा शेवटचा आठवडा, सर्व्हर दिवसभर कासवाच्या चालीनं, त्यात दोन मुलांच्या जन्मतारखा रजिस्टरात खाडाखोड केलेल्या. स्कूटी पंक्चर. संध्याकाळी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत मोबाईलमध्ये ऑफिसच्या ग्रुपवरचे निरोप वाचत राहिले. जिना चढताना आठवलं, आज काही पाहिलेलं नाही.

"आज काय देखं?"

मी म्हणून गेले, "रस्त्याकडेला पळस फुललाय, आबा. नुसता लाल."

आबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मुकाट्यानं दहा वेळा पाय उचलला. मी सुटले म्हणून चहा टाकायला गेले. शेती न केलेल्या बाईलाच हे जमावं. साठ वर्षं शेत कसलेल्या माणसाला मी फाल्गुनात फुलणारा पळस मार्गशीर्षात दाखवला होता.

शुक्रवारी मी आले तर आबांनी काही विचारलं नाही. पाय उचलला नाही. शनिवारीही नाही. मी आपणहून सांगू लागले की आज रिक्षावाल्यानं आरशाला शेवंती लावली होती, त्यांनी डोळे मिटून घेतले. व्यायामाची ताई आली, मांडी दाबून पाहिली आणि मला बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, जेवढं कमावलं तेवढं जायला वेळ लागत नाही." मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझ्या एका थापेपायी हा माणूस कायमचा खाटेवर पडणार, असं मला त्या क्षणी खरंच वाटत होतं.

रविवारी सकाळी मी भरितासाठी लाकडी बडगीत मिरच्या ठेचत होते. ठेचता ठेचताच उठले आणि त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. हाताला मिरची, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"आबा, गुरुवारी मला काही दिसलं नव्हतं. मी मोबाईल बघत होते. पळस खोटा होता."

"माहीत शे," आबा म्हणाले. "मंगसीरमा पयस फुलस का वं, पोरी?"

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ते एकोणीस वर्षांचे होते. नाल्यापलीकडे त्यांच्या घरची कपाशी होती, वडिलांनी बघून यायला पाठवलं. ऊन होतं, अलीकडेच चिंचेखाली झोप लागली. संध्याकाळी ओट्यावर वडिलांनी विचारलं, काय देखं? सांगितलं, बेस शे. आठवड्यानं घरचे नाल्यापलीकडे गेले तेव्हा अळीनं बोंडं पोखरून टाकली होती. त्या दिवशी कळलं असतं तर अर्धं पीक हाती लागलं असतं.

"मारलं का तुम्हाला?"

"मारता तर बरं व्हतं. मना बापनी मले वरीसभर काही इचारं नही. मी येऊ, ओटावर उभा ऱ्हाऊ, तो दुसरासले इचारे." आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले दोनच दिन व्हयनात. पन मले वाटनं, मी बी तसाच व्हई गऊ."

त्यांनी पायावरची चादर बाजूला सारली. मग ते म्हणाले, "नही दिसनं ते नही दिसनं, तसं सांगानं. त्याले बी मी पाच वेळा पाय उचलसू."

"पाचच?"

"मंग काय, फुकटना पंधरा?"

आणि त्यांनी पाय उचलला. मी मिरचीचे हात वर धरून मोजत होते. पाय पुरा वीतभर वर गेला आणि थरथरत का होईना, तिथे पाच आकडे राहिला.

त्यानंतर 'काही नाही दिसलं' असे माझे चार-पाच दिवस गेले असतील. ते सांगायला सुरुवातीला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. उलट त्या दिवसांच्या दुसऱ्या दिवशी हमखास काहीतरी दिसायचं. मी आजही या गोष्टीचं फार तत्त्वज्ञान करत नाही. मला इतकंच माहीत आहे की आठवड्याचे सहा दिवस मी जो रस्ता केवळ कापायची, त्याला कडा आहेत, झाडं आहेत, कुणीतरी तिथे वांगं दाबून बघतंय, हे मला चाळिशीत कळलं. घाई माझी गेलेली नाही. घाईतच दिसतं, थांबून मोजका वेळ बघता येतं, आणि पुन्हा घाई करता येते.

जानेवारीत आबा वॉकर धरून उभे राहिले. पहिल्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत, चार पावलं, आणि परत येताना बसकण. मग गॅलरीपर्यंत. मग जिन्याच्या तीन पायऱ्या, मला शिव्या घालत. माझ्यावर ओरडायला लागले तेव्हा मला खात्री पटली की माणूस सुधारतोय. महाशिवरात्रीच्या आधी डॉक्टरांनी काठी घेऊन चालायची परवानगी दिली, आणि आबांनी दुसऱ्याच दिवशी गावी जायचा हट्ट धरला. केळी निसवायला लागली असतील, म्हणजे झाडातून घड बाहेर पडायला लागले असतील. ते बघायला मी पाहिजे, म्हणाले.

रविवारी आम्ही त्यांना घेऊन गेलो. संजय गाडीतून सामान उतरवत होता, मी आबांसाठी खुर्ची शोधत होते. तेवढ्यात ते कुठे गेले ते कळलं नाही. बागेच्या तोंडाशी त्यांच्या चपला तेवढ्या होत्या, एकमेकींशेजारी नीट काढलेल्या. आबा बागेत कधी चपला घालून जात नाहीत. मी घाबरून आत शिरले. केळीची पानं डोक्यावर मिटलेली, आत हिरवा उजेड, आणि दूर कुठेतरी पानं बाजूला सारल्याचा आवाज पुढे पुढे जात होता. हाक मारायला तोंड उघडलं आणि खाली नजर गेली.

ठिबकच्या नळीशेजारची माती ओली होती, आणि तिच्यात पावलं उमटली होती. डावं पाऊल पुरं, पाचही बोटांसकट. उजव्याचा नुसता चवडा, आणि शेजारी काठीचं गोल भोक. डावं, चवडा, भोक. डावं, चवडा, भोक. दहा-बारा झाडं ओलांडल्यावर उजव्या पावलाची टाचही उमटायला लागली होती, आधी पुसट, मग ठळक. मी हाक मारली नाही. पदर खोचला आणि सरीच्या कोरड्या कडेनं, एकेक पाय जपून टाकत, त्यांच्या मागे सावकाश निघाले, त्यातला एकही ठसा माझ्या पायाखाली येऊ नये म्हणून.